नकाराचा धडा : सांगली-साताऱ्याची पात्रे आणि त्यांच्याकडून शिकणारा प्रेक्षक

नाटक-सिनेमांतील पात्रांकडून प्रेक्षक काय शिकतो, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा नीतीच्या अंगाने विचारला जातो. पोरे बिघडली की सुधारली, एवढाच त्याचा निकाल लावला जातो. परंतु पात्रांकडून नीती शिकण्याआधी माणूस आणखी काही शिकत असतो. चारचौघांत उभे कसे राहावे, आवाज कोठे चढवावा आणि कोठे उतरवावा, पदर कसा घ्यावा, फेटा कसा बांधावा, ज्याचे मन आपल्याकडे वळावे असे वाटते त्याच्यापुढे बोलायला सुरुवात कशी करावी, हे सारे त्यात येते. घरात हे कोणी उघडपणे शिकवीत नाही. शाळेत तर नाहीच. मग हे शिक्षण होते कोठे? महाराष्ट्रात ते पुष्कळसे आधी रंगमंचासमोर आणि मग पडद्यासमोर बसून झाले, असे आम्हांला वाटते. या शिक्षणाचा इतिहास एका लहानशा प्रदेशापुरता पाहावा, हा या लेखाचा हेतू आहे. तो प्रदेश म्हणजे सातारा आणि सांगली.

हे दोन जिल्हे एकत्र घेण्यास कारण आहे. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग पूर्वी सातारा जिल्ह्यातच होता. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठची भाषा, यात्रा-जत्रा, फौजेत जाण्याची परंपरा, पाटीलकी आणि तालमी यांनी बांधलेला हा एकच मुलूख आहे. मराठी नाटकाचा आरंभ येथे झाला आणि मराठी बोलपटाच्या उमेदीच्या काळातील एका महत्त्वाच्या चित्रपटाची कथाही येथल्याच एका लेखकाकडून आली. आत्मविश्वास आणि आकर्षण या दोन गोष्टी पात्रांकडून शिकण्याचा प्रवास इतक्या सलगपणे दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळेल.

आरंभ ५ नोव्हेंबर १८४३ पासून करू. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ पाहिले आणि तसे काही मराठीत व्हावे म्हणून आपल्या पदरी असलेल्या विष्णुदास भाव्यांना आज्ञा केली. त्यातून 'सीतास्वयंवर' उभे राहिले. मराठी रंगभूमीचा पहिला खेळ स्वयंवराचा असावा, हा योगायोग असेल. पण तो विचार करण्याजोगा आहे. स्वयंवर या शब्दात 'स्वतः वरणे' आहे. सीतेच्या स्वयंवरात मात्र निवड सीतेची नसते. धनुष्य उचलण्याचा पण पित्याने लावलेला असतो आणि जो तो जिंकेल त्याच्या गळ्यात माळ घालावयाची असते. म्हणजे पुरुषाने आपले बळ दाखवावे आणि स्त्रीने त्या बळाला माळ घालावी, एवढीच या प्रसंगाची रचना आहे. प्रेक्षकांतील तरुणांना त्यातून मिळणारा धडाही तेवढाच होता. सामर्थ्य हेच आकर्षण, असा तो धडा. शिवाय रंगमंचावरची सीताही पुरुषच होती. प्रेक्षकांतल्या पुरुषाने पाहिले ते पुरुषांनी आपसांत रचलेले स्वयंवर.

यानंतर छप्पन्न वर्षांनी, १८९९ मध्ये, सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी 'संगीत शारदा' रंगभूमीवर आणले. त्याचे कथानक आपल्या वाचकांना परिचित आहे. कांचनभट पैशासाठी आपली मुलगी भुजंगनाथ या म्हाताऱ्याला द्यायला निघतो, भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो, आणि कोदंड हा तरुण त्याविरुद्ध उभा राहतो. जरठकुमारी-विवाहाविरुद्धचे नाटक म्हणून त्याची ख्याती आहे आणि ती योग्यच आहे. पुढे १९२९ मध्ये बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा झाला, तो हरबिलास सारडा यांच्या नावावरून 'सारडा कायदा' म्हणून ओळखला जातो. मराठी माणसाने त्याला सहजपणे 'शारदा कायदा' म्हटले, यातच देवलांच्या नायिकेने लोकांच्या मनात केवढी जागा घेतली होती हे दिसते.

पण आमच्या विषयाच्या दृष्टीने 'शारदे'त पाहण्यासारखे दोन विशेष आहेत. पहिला भुजंगनाथाचा. वृद्ध वराने तरुण दिसण्याची धडपड करावी आणि प्रेक्षकांनी त्यावर हसावे, ही गोष्ट मराठी रंगभूमीने येथे ठळकपणे मांडली. ज्याला आपण आज व्यक्तिमत्त्व खुलवणे म्हणतो, त्याचे हे पहिले विडंबन म्हणता येईल. दुसरा विशेष अधिक गंभीर आहे. शारदेला दुःख आहे, वाणी आहे, गाणे आहे. परंतु लग्न मोडण्याचे सामर्थ्य तिच्या हाती नाही. ते मोडते सगोत्रतेच्या शास्त्रार्थाने. 'नको' हा तिचा शब्द नाटकभर प्रेक्षकांच्या कानांवर पडतो, पण त्या शब्दाला व्यवहारात वजन नाही. शारदा नकार शिकली आहे. तो ऐकून घेणारा समाज मात्र अजून शिकलेला नाही. या जागेची नोंद आपण येथेच करून ठेवू, कारण सांगलीच्याच दुसऱ्या एका लेखकाने पुढे ती उचलली.

त्याआधी बालगंधर्वांकडे वळले पाहिजे. पलूसजवळच्या नागठाण्याच्या राजहंस घराण्यातला हा मुलगा. १९०५ मध्ये मिरजेत किर्लोस्कर मंडळीत तो रंगभूमीवर आला तेव्हा त्याचे वय सतरा होते. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत त्याने जे केले, त्याला जगाच्या नाट्येतिहासातही थोडेच जोड सापडतील. मराठी मध्यमवर्गीय स्त्रियांनी नऊवारी कशी नेसावी, केसांत फुले कशी माळावीत, दागिने किती आणि कोठे घालावेत, पाहुण्यांपुढे कसे वावरावे, हे एका पुरुषाकडे पाहून ठरवले. बालगंधर्वांच्या लुगड्यांची, केशरचनेची, दागिन्यांची घरोघर नक्कल झाली. पुरुषांनीही त्यांच्या नावाची 'गंधर्व टोपी' डोक्यावर घेतली.

याचा अर्थ काय लावायचा? एक उत्तर असे की त्या काळच्या घरंदाज स्त्रीला सार्वजनिक ठिकाणी स्त्री म्हणून वावरण्याचा दुसरा नमुनाच उपलब्ध नव्हता. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे वागणे माजघरापुरते होते. रंगमंचावर वावरणाऱ्या खऱ्या स्त्रिया होत्या, पण तमाशातल्या किंवा कलावंतिणींच्या घराण्यातल्या म्हणून त्यांची उघड नक्कल करणे प्रतिष्ठित घरांना चालले नसते. बालगंधर्वांची नायिका मात्र राजघराण्यातली, पुराणातली, शालीन. आणि ती साकारणारा पुरुष. त्यामुळे तिचे अनुकरण करण्यात बदनामीचे भय राहिले नाही. आकर्षक दिसण्याची इच्छा बोलून दाखवण्याची सोय नसलेल्या स्त्रियांना बालगंधर्वांनी ती इच्छा पुरी करण्याची एक सभ्य वाट करून दिली. या अनुकरणाला नुसती हौस म्हणून बाजूला सारणे आम्हांला रास्त वाटत नाही. आरशासमोर उभे राहून स्वतःकडे कौतुकाने पाहण्याची मोकळीक हीदेखील आत्मविश्वासाची एक पायरी असते.

परंतु ज्या पात्रांच्या वेषाची नक्कल झाली, ती पात्रे बोलत काय होती? सांगलीतच जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' १९११ मध्ये आले आणि त्यात बालगंधर्वांनी भामिनी केली. नाटकाची मांडणी पात्रांच्या नावांतच आहे. एकीकडे धैर्यधर हा निर्धन सेनापती, दुसरीकडे लक्ष्मीधर हा दागिन्यांनी मढलेला भित्रा श्रीमंत. भामिनी श्रीमंतीच्या तोऱ्यात धैर्यधराला नाकारते, त्याचा अपमान करते. आजच्या सरधोपट चित्रपटात यानंतर काय घडेल हे सांगावयास नको. नायक तिचा पिच्छा पुरवील आणि तिसऱ्या गाण्याला तिचे मन वळेल. खाडिलकरांचा धैर्यधर तसे करीत नाही. त्याला स्वतःचा मान आहे आणि अपमान करणारीच्या दारात तो घुटमळत नाही. उलट भामिनीलाच आपली चूक समजते, ती श्रीमंतीचा वेष उतरवून वनमाला या साध्या मुलीच्या रूपाने त्याच्या छावणीत जाते आणि तेथे दोघांची मने जुळतात.

म्हणजे भरजरी वस्त्रालंकारांसाठी गाजलेल्या नटाने साकारलेल्या या नाटकाचे सांगणे असे, की वस्त्रालंकार उतरवल्याशिवाय मन कळत नाही. प्रेक्षकाने घरी नेली ती वस्त्रे. सांगणे नाट्यगृहात राहिले. पात्रांकडून शिकण्याच्या इतिहासात असे वारंवार घडलेले दिसते. पात्राचा वेष एका रात्रीत उचलता येतो, त्याच्या वृत्तीला मात्र एखादी पिढी लागते.

'मानापमाना'नंतर पाच वर्षांनी, १९१६ मध्ये, खाडिलकरांचे 'स्वयंवर' आले. त्यातली रुक्मिणी शिशुपालाला नाकारते आणि कृष्णाला स्वतः निवडते. १८४३ च्या सीतेपासून १९१६ च्या रुक्मिणीपर्यंत आपण आलो तर स्वयंवर हा शब्द आपल्या मूळ अर्थाच्या बराच जवळ आलेला दिसतो. त्याच वर्षी देवलांचे 'संशयकल्लोळ' रंगभूमीवर आले. मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून आणि पर्यायाने मोलिएरच्या प्रहसनावरून घेतलेल्या या नाटकात सगळा घोटाळा होतो तो एका तसबिरीमुळे. तसबीर एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि जो तो चित्रातल्या माणसावरून खऱ्या माणसाविषयी भलताच निष्कर्ष काढतो. प्रतिमेवरून माणूस ओळखू पाहणाऱ्यांची फजिती देवलांनी सिनेमाचे दिवस येण्यापूर्वीच रंगवून ठेवली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

सिनेमाने पहिला आघात केला तो स्त्री-भूमिका करणाऱ्या पुरुषावर. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्रा'त फाळक्यांना तारामतीसाठी साळुंके या पुरुषाला घ्यावे लागले होते. परंतु त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुरा'त दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. रंगभूमीवरही बदल सुरू झाला. मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर विसाच्या दशकाच्या अखेरीस स्वतः नाटकांत उतरल्या. बोलपट आल्यावर तर कॅमेरा चेहऱ्याच्या इतक्या जवळ गेला, की पंधरा हातांवरून मोहवणारा स्त्रीवेष तेथे टिकणे कठीण होते. १९३५ च्या प्रभातच्या 'धर्मात्मा'त बालगंधर्व संत एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या, भूमिकेत दिसले. प्रेक्षकाला हवी असलेली त्यांची भामिनी आणि रुक्मिणी त्याला पडद्यावर मिळाली नाही. स्त्रीने कसे दिसावे हे यापुढे स्त्रियाच दाखवणार होत्या. त्यांनी काय दाखवले, हे पाहण्यासाठी 'कुंकू'कडे गेले पाहिजे.

'कुंकू' हा १९३७ चा प्रभातचा चित्रपट, दिग्दर्शक शांताराम. हिंदीत तो 'दुनिया न माने' या नावाने आला. त्याची मूळ कथा नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीची. आपटे मूळचे सांगलीजवळच्या समडोळीचे आणि त्यांचे लेखनजीवन गेले साताऱ्याच्या कोरेगावात. आमच्या या दोन्ही जिल्ह्यांना जोडणारा लेखक म्हणून तर त्यांचे महत्त्व आहेच. परंतु ते वृत्तीने बोधवादी होते, संसारसुखाविषयी सामान्य वाचकाला चार शब्द सांगावेत असे त्यांना मनापासून वाटे, हेही लक्षात घेतले पाहिजे. जीवन कसे जगावे हे शिकवणारे पुस्तक आणि कादंबरी यांच्यामधली भिंत त्यांच्या लेखी फार जाड नव्हती.

आता 'शारदा' आणि 'कुंकू' शेजारी ठेवून पाहा. हरिपूर आणि समडोळी ही गावे एकमेकांपासून फार दूर नाहीत. दोन कलाकृतींमध्ये अडतीस वर्षांचे अंतर आहे. प्रश्न तोच आहे : वृद्ध वर, तरुण वधू, पैशासाठी जुळवलेले लग्न. पण येथे लग्न मोडत नाही. नीरा फसवली जाते, लग्न होते, आणि खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. ती नवऱ्याला नवरा मानण्यास नकार देते, आणि तो नकार रोजच्या रोज, त्याच घरात राहून पाळते. शास्त्र तिच्या मदतीला येत नाही, कोदंड येत नाही. अंगचटीला येऊ पाहणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने फोडून काढते. सावत्र मुलगी सुशीला ही समाजसेवा करणारी प्रौढ विदुषी. ती भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली. नीरेला बळ मिळते ते तिच्याकडून. भुजंगनाथाप्रमाणे केशवराव दात्यांचे काकासाहेब मात्र निव्वळ हास्यास्पद नाहीत. त्यांना हळूहळू कळत जाते. अखेर ते नीरेला बंधनातून मोकळे करतात आणि स्वतःचे जीवन संपवतात. तो शेवट आज आपल्याला पटेलच असे नाही. पण स्त्रीचा 'नको' पुरुषाला ऐकू येणे हीच एक घटना असू शकते, हे मराठी पडद्याने येथे दाखवले.

नीरेकडे आकर्षणाच्या दृष्टीने पाहिले तर आणखी एक फरक दिसतो. भामिनी आणि रुक्मिणी यांचा आत्मविश्वास त्यांच्या मोहकतेशी बांधलेला आहे. नीरेला या घरात कोणालाही मोहवायचे नाही. शांता आपट्यांचा तेजस्वी चेहरा आणि गाणे प्रेक्षकाला मोहवते हे खरे; लाँगफेलोची इंग्रजी कवितासुद्धा त्यांनी या चित्रपटात गायिली आहे. परंतु पात्राची ताकद मोहकतेत नाही. कोणाला आवडावे असा हेतू न ठेवता स्त्रीने ताठ उभे राहणे ही आपल्या प्रेक्षकाला नवी गोष्ट होती. शांता आपट्यांनी पुढे पात्रातला हा ताठपणा पडद्याबाहेरही आणला. १९३९ मध्ये कराराच्या वादावरून त्या प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या आणि १९४० मध्ये 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून त्यांनी चित्रव्यवसायाचा हिशेब मांडला.

नीरेचे हे रूप समजून घेण्याइतकी तयारी या भागात झाली होती काय? काही प्रमाणात नक्कीच झाली होती. औंध संस्थानाच्या हद्दीत १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीतून शंकरराव किर्लोस्करांचे 'किर्लोस्कर' मासिक निघत होते आणि १९३० पासून 'स्त्री' निघू लागले होते. स्त्रीचे शिक्षण, पेहराव, विवाह, अर्थार्जन यांची चर्चा कारखान्याच्या त्या वसाहतीतून घरोघर पोचत होती. पडद्यावरील नायिकेकडून मुलगी जे एका रात्रीत उचलत असे, त्याला शब्द आणि युक्तिवाद देण्याचे काम अशा मासिकांनी केले. एकट्या सिनेमाने नीरा घरोघर पोचवली, असे आम्ही म्हणणार नाही. पोचवणारे हात अनेक होते.

पुरुषांचे काय? पुरुषाने आत्मविश्वास कोठून मिळवावा, याचे या भागातले तेव्हाचे उत्तर तालीम हे होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार हे आपले जीवितकार्य मानले आणि आपल्या संस्थानातील शाळांतून ते घालावयास लावले. देहाच्या तेजाने मन सुधारेल, ही त्यामागची श्रद्धा. त्याच काळात शेजारच्या कोल्हापुरात हंस पिक्चर्सने आचार्य अत्रे यांच्या कथेवर 'ब्रह्मचारी' (१९३८) काढला. त्यातला औदुंबर हा सामान्य तरुण देशभक्त जटाशंकरांचे व्याख्यान ऐकून ब्रह्मचर्याची शपथ घेतो, जमवलेली नटनट्यांची चित्रे फेकून देतो, व्यायामाला लागतो आणि मग किशोरी त्याच्या आयुष्यात येते. मास्टर विनायक आणि मीनाक्षी यांच्या या चित्रपटात मीनाक्षींनी घातलेल्या पोहण्याच्या पोशाखाची चर्चा इतकी झाली, की चित्रपटाचा खरा विनोद बाजूला पडला. तो विनोद असा की औदुंबर आधी चित्रांवरून जगणे शिकत होता आणि नंतर व्याख्यानावरून; दोन्ही वेळा समोरच्या माणसाशी बोलायला तो शिकलाच नव्हता. स्वतःला सुधारण्याच्या ध्यासावर मराठीत याहून मार्मिक टीका फार थोडी झाली असेल.

स्वातंत्र्यानंतर सिनेमा गावात आला तो यात्रेच्या वाटेने. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसारख्या मोठ्या यात्रांतून टूरिंग टॉकीजचे तंबू लागत आणि कनातीखाली मांडी घालून बसलेल्या प्रेक्षकांना वर्षाचा सिनेमा चार-आठ दिवसांत पाहून घ्यावा लागे. या तंबूंचा मावळता काळ शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटात टिपला. तो २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. या प्रेक्षकाला जी पात्रे मिळाली ती मुख्यतः तमाशापटातली : फडावरची नर्तकी, फेटेवाला पाटील, सज्जन मास्तर.

या पात्रांत स्वयंवराची कल्पना उलटी झाली, असे आमचे मत आहे. १९७२ च्या 'पिंजरा'मध्ये साताऱ्यात जन्मलेल्या डॉ. श्रीराम लागूंनी आदर्श मास्तर साकारला. 'द ब्लू एंजल' या १९३० च्या जर्मन चित्रपटाचा आधार घेतलेल्या या कथेत आकर्षण हा सापळा आहे आणि मास्तर त्यात अडकून नाश पावतो. चित्रपट म्हणून तो समर्थ आहे. पण त्यातून गावच्या तरुणाने काय शिकावे? बाईचे आकर्षण हा धोका, आणि धोक्याची जबाबदारी बाईवर. दोन वर्षांनी आलेल्या जब्बार पटेलांच्या 'सामना'त (१९७४) तेच लागू पडलेल्या, दारुड्या मास्तराच्या भूमिकेत दिसतात आणि समोर निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट असतो. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या या चित्रपटाचा रोख सत्तेवर आहे. पण हिंदुरावाची सावकाश बोलण्याची ढब, सत्तेची खात्री असलेला तो निवांतपणा हे सारे प्रेक्षकाच्या डोळ्यांत भरले. पुढे निळू फुल्यांनी पुष्कळ चित्रपटांत रंगवलेला कामांध पाटील इतका खरा वाटला, की त्याच्या ढबीच्या नकला आजतागायत स्नेहसंमेलनांत होत आल्या आहेत. ज्याचा तिरस्कार वाटावा म्हणून ते पात्र रचले, त्याची ऐट तेवढी उचलली गेली. वेष आणि वृत्ती यांतील जे अंतर 'मानापमाना'च्या प्रेक्षकात दिसले, तेच येथे अधिक घातक रूपाने दिसते. लुगडे नेसण्याची पद्धत उचलण्यात कोणाची हानी नव्हती. 'नाही' न ऐकण्याची ऐट उचलण्यात होती.

आणि येथे हा विषय इतिहासातून वर्तमानात येतो. चित्रपटातल्या नायकाने नायिकेचा रस्ता अडवावा, तिने झिडकारावे, त्याने हटू नये आणि शेवटी तिने हसावे, हा क्रम अनेक दशके हिंदी-मराठी पडद्यावर चालत आला आणि तो आत्मविश्वासाचा धडा म्हणून तरुणांनी गिरवला. आपल्या महाविद्यालयांच्या फाटकाबाहेर त्याचा गृहपाठ चाललेला असतो. मुलगा म्हणतो तो आत्मविश्वास. मुलीच्या दृष्टीने ती भीती असते.

अलीकडच्या दहा वर्षांत चित्र काहीसे पालटलेले दिसते. २०१६ च्या नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'मधील आर्चीने बुलेट चालवली, ट्रॅक्टर चालवला, आणि आवडलेल्या मुलाकडे स्वतःहून पाहिले. स्वयंवराचा अर्थ तिने पुन्हा मूळपदावर आणला. त्याची किंमत मात्र चित्रपटाच्या शेवटी समाज वसूल करतो. २०१७ ते २०१९ या काळात 'लागिरं झालं जी' या मालिकेने साताऱ्याची बोली आणि फौजेत जाण्याची आस घेऊन एक नायक घरोघर नेला. फौजी घराण्यांच्या या मुलखात सैनिक हा आकर्षक पुरुष असणे स्वाभाविकच होते, पण त्याचा मराठी नाटकातला पूर्वज शोधायचा तर आपण थेट १९११ च्या धैर्यधरापर्यंत जातो. तो धैर्यधरही जानेवारी २०२५ मध्ये सुबोध भावे यांच्या 'संगीत मानापमान' चित्रपटातून पडद्यावर आला. एकशे चौदा वर्षांनी सांगलीच्या नाटककाराचा सेनापती नव्या प्रेक्षकापुढे उभा राहिला, ही गोष्ट आमच्या दृष्टीने नाट्यप्रेमाच्या आठवणींहून अधिक मोलाची आहे.

कारण साहित्याच्या अध्यापकांपुढे यातून एक काम उभे राहते. 'शारदा' आपण सामाजिक नाटक म्हणून शिकवतो, 'मानापमान' संगीत नाटक म्हणून, 'कुंकू' चित्रपटाच्या इतिहासात एका ओळीत आटोपतो. हे तिन्ही एका धाग्यात ओवून शिकवता येतील : शारदेचा नकार, जो कोणी ऐकत नाही, भामिनीचा नकार, जो ऐकून पुरुष आपला मान राखून मागे फिरतो, आणि नीरेचा नकार, जो ऐकण्यात एका पुरुषाचे सगळे आयुष्य जाते. विद्यार्थ्यांना पात्रांकडून आत्मविश्वास शिकायचाच आहे. तो ते शिकणार आहेत, आपण सांगू अथवा न सांगू. त्यांच्या हाती कोणती पात्रे द्यायची, एवढेच आपल्याला ठरवता येते.

वर्गातल्या मुलाला विचारावे, की धैर्यधर भामिनीच्या दारातून परत फिरला तेव्हा तो हरला होता काय? या प्रश्नाचे उत्तर देताना त्याला जे सुचेल आणि शेजारच्या बाकावरची मुलगी त्यावर जे बोलेल, त्या संभाषणाला हल्ली इतरत्र फारशी जागा उरलेली नाही. ती जागा मराठीच्या तासाला करून देता येईल. 'सीतास्वयंवरा'पासून सुरू झालेल्या या शाळेचे काम अजून पुरे झालेले नाही.